दोन नावांचं फूल

डीएनएने सोक्षमोक्ष लावला. सरांनी तीस वर्षांपूर्वी शोधलेलं जांभळं रानफूल वेगळं नव्हतंच. ते आधीच माहीत असलेल्या जातीचंच निघालं. अशा वेळी जुनं नाव राहतं आणि नंतरचं खोडतात, विषय संपला. पण नंतरचं नाव सरांनी आपल्या गेलेल्या लेकीचं ठेवलं होतं.

अहवाल घेऊन त्यांच्या घरी जाताना विद्यार्थिनीचा पाय उचलत नव्हता. सरांनी चष्मा पुसून अहवाल दोनदा वाचला.

“काम चोख केलंस, पोरी. चूक माझीच होती. खोडून टाक ते नाव.”

तिला हुंदका आवरला नाही. सरांनी घाईघाईने गॅलरीचं दार लोटून घेतलं.



“हळू, बाळा. तुझ्या काकू तिकडे लेकीला पाणी घालतायत.”