अर्धी बादली

पहिल्या सुनेने डोक्याला साबण लावला रे लावला, की सासूबाई बाहेरून पाण्याची चावी बंद करायच्या. दाराशी तोंड नेऊन म्हणायच्या, "अर्धी बादली झाली, आता पुसून घे." वर्षभरात ती घर सोडून गेली. "पाणी वाचलं," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

यंदा दुसऱ्या सुनेने त्यांना हौसेने द्राक्षांच्या मळ्यातल्या महागड्या, पर्यावरण जपणाऱ्या हॉटेलात आणलं. तिथे प्रत्येक खोलीचं पाणी खालच्या ऑफिसातून सोडायचे. सासूबाईंनी डोक्याला साबण चोपडला आणि शॉवर ठप्प झाला. मिटल्या डोळ्यांनी चाचपडत त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि ऑफिसातल्या मॅनेजरबाईला फैलावर घेतलं.

पलीकडचा आवाज मात्र चांगलाच ओळखीचा निघाला.



"अर्धी बादली झाली, सासूबाई. आता पुसून घ्या."