अजून उग्र

पुस्तकात वाचून मी घरीच सफरचंदाचं सायडर घातलं. ते तयार झालं की प्रेसमधले माझे तीन जुने मित्र एका रविवारी नाशिक रोडहून खास प्यायला येणार होते. पण पहिल्याच घोटाला दारूचा झटका लागला. दोन महिने मुरलं की चव मवाळ होते, असं पुस्तकात होतं. दोन महिन्यांनी मला ती मवाळ वाटलीही, पण माझ्या जिभेवर माझा भरवसा नाही. माझी बायको मैना नैवेद्याची भाजी न चाखता नुसत्या वासावरून मीठ ओळखते, म्हणून रोज संध्याकाळी तिलाच विचारायचो.

दोन घोट घेऊन ती म्हणायची, "उग्र आहे हो अजून."

मी त्यात सफरचंदाचा ताजा रस घातला.

"उग्रच."

मध घातला.

"छे, उद्या परत बघू."

पुस्तक चुकलं की मी, काही कळेना. शेवटी शनिवारी मित्रांना फोन करून सांगितलं, "बिघडलं रे, येऊ नका." मग बाटल्या मोरीत ओतायला निघालो, तर मैनाने हात धरला.

"ओतताय कशाला?"

"उग्र आहे म्हणालीस ना?"

ती दोन पेले पुसत म्हणाली, "त्यांच्यासाठी."