वैजनाथची गल्ली

"खिडकी लावून घे," रहीम म्हणाला. उत्कर्षाने उठून खिडकी लावली.

येरवड्यातल्या त्या खोलीत वस्तीच्या पाणी समितीचे चौघे बसले होते. रहीमने शिलाई मशीन भिंतीला सरकवून जागा केली होती. तीन महिन्यांपूर्वी त्याची बायको परवीन गेली, तेव्हापासून मशीनवरचं फडकं त्याने काढलं नव्हतं.

वैजनाथ दारातच उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

वस्तीत पाण्याचे मीटर बसणार होते. आधी मीटर, मग बिल, हे सगळ्यांना कळत होतं. उत्कर्षा शिकायला डब्लिनला होती. तिकडे लोक मीटरच्या खड्ड्यांवर उभे राहिले आणि शेवटी सरकारने पाण्याची बिलं मागे घेतली, हे तिनेच सांगितलं होतं. वस्तीने ते उचललं. खणायला माणसं यायच्या आत गल्लीत खुर्च्या टाकून बसायचं. माणसं थोडी, गल्ल्या जास्त. म्हणून कुठे बसायचं ते आदल्या दिवशी ठरायचं. फोनवर एक अक्षर नाही. परवीन घरोघर फिरून तोंडी सांगायची.

तरी पाच वेळा पोलीस आधीच हजर. दशरथला तर दोनदा उचललं.

"चौकीतल्या बाकाला आता माझंच नाव द्या," दशरथ म्हणाला.

रहीमलाही नेलं असतं. पण त्या दोन्ही सकाळी परवीनला दम लागला आणि तो घरीच राहिला.

"चाचा," उत्कर्षा म्हणाली, "वैजनाथच्या गल्लीत चाळीस घरं आहेत. ती आली नाहीत, तर उद्याची जागा हातून जाईल. त्याला परत घेऊ."

"नाही."

"का पण?"

"त्याला काढलं त्या दिवसापासून पोलीस येत नाहीत. अजून काय पाहिजे?"

वैजनाथ चपलेकडे बघत बोलला. "चाचा, तेव्हा चाची दवाखान्यात होत्या, म्हणून मी गप्प बसलो. आता तरी सांगा, मला काय करताना पाहिलं तुम्ही?"

"मी नाही. परवीनने पाहिलं. मीटरच्या ठेकेदाराच्या मुकादमाशी बोलत होतास."

"वाशिमहून आलो तेव्हा चाचींनीच मला खोली बघून दिली. त्या असं म्हणाल्या?"

"मी खोटं बोलतोय का? की ती बोलली?"

"गेलेल्या माणसाला काय विचारणार," वैजनाथ म्हणाला आणि निघून गेला.

उद्या मशिदीमागच्या गल्लीत बसायचं ठरलं. जाताना उत्कर्षा रहीमशी बोलली नाही. त्याला वाईट वाटलं नाही. वैजनाथला लांब ठेवायचं, ही एक गोष्ट परवीनने शेवटच्या दिवसांत त्याच्यावर सोपवली होती, आणि ती त्याने पाळली होती.

थोड्या वेळाने कुणीतरी दार वाजवलं. वैजनाथच परत आला असेल, असं वाटून रहीमने कडी काढायला मुद्दाम उशीर केला. बाहेर हेल्मेट काखेत धरलेला अनोळखी माणूस होता.

"परवीनबाईंचं घर हेच ना?"

"हेच. काय काम आहे?"

"फोन बंद लागतो त्यांचा. म्हटलं, इकडे आलोय तर देऊन जावं." त्याने पाकीट पुढे केलं. "अयानचं पत्र. आमच्या वारज्याच्या पाइप गोदामात आजपासून तो कायम झाला."

पोराची नोकरी. परवीन दोन वर्षं त्यासाठी दुवा मागत होती. रहीमने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

"ती असती तर," तो म्हणू लागला.

"घरी नाहीत वाटतं. आल्या की सांगा, ठेकेदारसाहेबांनी शब्द पाळला." माणसाने मागे वळून गल्लीत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणि उद्या कुठल्या गल्लीत बसणार तेवढं कळवा म्हणावं. तीन महिने झाले, त्यांनी काहीच कळवलेलं नाही."