रुदैनाची मूठ

रुदैनाने बोटांनी एकेक अक्षर काढत ‘संप्लवन’ हा अख्खा शब्द पुरा केला. एकही अक्षर चुकलं नाही. विदाद मिसचा जीव भांड्यात पडला.

इर्बिद शहरातल्या कर्णबधिर शाळेतला हा आठवीचा वर्ग. खात्याकडून तपासणीला आलेल्या उस्ताद मुनीबनी वर्गात पाय ठेवण्याआधीच सांगून टाकलं होतं, की या मुलांच्या डोक्याला विज्ञानाचा ताप कशाला, त्या तासाला शिवणकाम शिकवा. तास वाचवायचा तर आजच. खुणांच्या भाषेत बाष्पीभवन, संघनन, संप्लवन यांना शब्दच नाहीत, म्हणून मिसने वर्षभर पुस्तकातले शब्द अक्षर अक्षर घोटून घेतले होते. मुलांनी स्वतः बनवलेल्या हातवाऱ्यांना तिच्या तासाला बंदी होती. परीक्षेत हातवारे कोण तपासणार?

उस्तादांनी टेबलावरची डांबराची गोळी उचलली. संप्लवन म्हणजे या गोळीचं नेमकं काय होतं, विचारा या मुलीला, ते म्हणाले. रुदैनाने पुन्हा तीच अक्षरं काढली. त्यांनी आणखी एकदा विचारलं, पुन्हा तीच.

“पोपटपंची आहे, मिस. वाईट वाटून घेऊ नका,” उस्ताद म्हणाले. मग जाता जाता विचारावं तसं विचारलं, की याच्या उलट, वायूचा थेट घन झाला, थंडीत काचेवर हिम धरतं तसा, तर त्याला काय म्हणाल?

हा शब्द यांच्या पुस्तकात नव्हताच. विदाद मिसच्या तोंडचं पाणी पळालं. तरी तिने खुणांनी प्रश्न पोचवला. रुदैनाने मागे वळून वर्गाकडे पाहिलं. बाकांखाली हात चुळबुळायला लागले. याच चुळबुळीवरून मिस रोज ओरडायची. मग रुदैनाने परवानगी मागावी तसं मिसकडे पाहिलं. आता आणखी काय बिघडणार होतं? मिसने मान हलवली.

रुदैनाने घट्ट मूठ धरली. ती एकदम उघडली आणि बोटं फडफडत वर गेली. पंजा मधे पाण्यासारखा वाहिला नाही. हे संप्लवन, घनाचा थेट वायू. मग फडफडती बोटं वरून खाली आली आणि थेट मूठ झाली. हे उस्तादांचं उत्तर. मागून सगळा वर्गच सुरू झाला. मूठ सैलावून वाहता पंजा झाली, ते वितळणं. उकळताना पाचही बोटं खालपासून उसळली, बाष्पीभवनात मात्र नुसती वरची टोकं हलकेच उडाली. एवढा बारीक फरक! मिस बघतच राहिली. काय पोरं होती ही.

“हे कधी शिकवलंत?” उस्तादांनी विचारलं.

शिकवलं म्हणाली असती, तर प्रश्न मिटत होता. “मी नाही शिकवलं, उस्ताद. मी बंदी घातली होती. मीही आत्ताच बघतेय.”

उस्तादांची स्वतःची मूठ उघडत होती, मिटत होती.

“विज्ञान राहील,” ते म्हणाले. “पण शिक्षक बदलावा लागेल.”

विदाद मिसच्या काळजात धस्स झालं. उस्ताद अंग चोरून शेवटच्या बाकावर बसले आणि त्यांनी शेजारी जागा केली.

“या, बसा इथे. आणि त्या मुलीला सांगा, पहिल्यापासून शिकव. जरा सावकाश.”