रांगेचं शेपूट

"ओटमार, आज तू शेवटी," कासियान म्हणाला आणि त्याने ओटमारच्या हातात लाल पिशवी कोंबली. "ही पण तुझ्याकडेच राहू दे. गेर्लिंडे, तू पुढे ये, माझ्या पाठीमागे."

पिशवीत मलमपट्टी होती, चिकटपट्टी होती, दोरीचं भेंडोळं होतं. म्हणजे आधी रांगेच्या शेपटाला बांधलं आणि वर हमालीही गळ्यात मारली! ओटमारचं तोंड एवढंसं झालं. वाटाड्या कासियान वयाने त्याच्या निम्मा. पण अहो-जाहो खाली गावात ठेवूनच डोंगर चढायचा असतो, आणि वाटाड्याने एकदा सांगितलं की वादही घालायचा नसतो.

तीन दिवस त्याची जागा पक्की होती. सगळ्यांत पुढे कासियान कोऱ्या बर्फात वाट पाडायचा आणि त्याच्या पाठोपाठ ओटमार. बाकीचे चौघे त्याच्या मागे. चाळीस वर्षं आर्लबर्गच्या घाटात रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस तो, पुढे असणं अंगवळणी पडलेलं. कासियान दर वीस पावलांवर मान वळवून विचारायचा, "काय ओटमार, बरं चाललंय ना?" मग ओटमार इंजिनाचे किस्से सुरू करायचा. संध्याकाळी निवाऱ्यात क्नोडल, म्हणजे पावाचे उकडलेले गरम गोळे हाणता हाणता तो सगळ्यांना ऐकवायचा, "वाटाड्याला माणसाची पारख असते. उगाच नाही मला जवळ ठेवत!"

आणि आज ही तऱ्हा.

"काय रे, इंजिनावरून थेट गार्डाच्या डब्यात?" साल्झबर्गचा दातांचा डॉक्टर रुपरेश्ट खिदळला. नवं लग्न झालेलं जोडपंही हसलं. गेर्लिंडेने मात्र बापाकडे पाहिलं नाही. काल उताराला ती एकदा सपशेल पडली होती, पण हसत उठली होती. पोरगी पस्तिशीची, दणकट. तीन दिवस रांगेच्या शेवटी तीच होती. आज तिला बढती मिळाली आणि बापाची पायरी उतरली.

ओटमारला मनापासून वाईट वाटलं. कारण घरून निघताना तो सगळ्यांसमोर बोलून बसला होता, "या सफरीत मागे पडलो, तर स्की जावयाला देऊन टाकीन. मग आहेच पत्त्यांचा डाव." आज तो मागे पडला होता. तेही वाटाड्याच्या तोंडून, चौघांसमोर.

चढ सुरू झाला. ओटमार मुकाट्याने चालत होता. अर्ध्या तासाने नव्या नवरीच्या स्कीखालची, चढावर घसरू नये म्हणून लावलेली केसाळ पट्टी सुटली आणि ती मागे मागे घसरू लागली. ओटमारने तिला काठीने अडवलं, चिकटपट्टी काढून पट्टी घट्ट बांधून दिली. पुढे रुपरेश्टचा हातमोजा बर्फात पडला होता. तो उचलून त्याने खिशात घातला आणि पुढच्या थांब्यावर परत दिला. "दात उपटताना पण असाच विसरतोस काय रे काही?" एवढं मात्र तो बोललाच. नवरदेवाला धाप लागली तर ओटमार त्याच्याबरोबर थांबला. "श्वास मोज. पावलं नको मोजूस," तो म्हणाला.

पण चार तासांत कासियानने एकदाही मागे वळून त्याच्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. ओटमारला ते सगळ्यांत जास्त लागलं.

खिंडीत पोचल्यावर सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. ऊन झक्क पडलं होतं. आता फक्त गावापर्यंतचा सोपा उतार उरला होता. ओटमार गेर्लिंडेजवळ जाऊन बसला.

"नवऱ्याला सांग, माझ्या स्की घेऊन जा म्हणावं. माझं संपलं."

गेर्लिंडे विजारीचा पाय वर सरकवत होती. गुडघा पावासारखा फुगला होता.

"अगं, हे कधी झालं?"

"काल. पडले तेव्हा."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर कासियानने हेलिकॉप्टर मागवलं असतं, बाबा. सफर तिथेच संपली असती. ही तुझी शेवटची ठरली असती तर? पण त्याने सकाळी माझी चालच ओळखली. म्हणाला, चालता येतंय तर चल, पण माझ्या नजरेखाली."

"मग एवढं दुखत असताना तुला पुढे कशाला घातलं त्या शहाण्याने?"

कासियान रम घातलेला चहा ओतत होता. तो म्हणाला, "दुखतंय म्हणूनच. ज्याची मला काळजी असते, त्याला मी माझ्या लगेच मागे ठेवतो. दर वीस पावलांवर बघता येतं."

ओटमारचे कान हळूहळू लाल झाले.

"म्हणजे हे तीन दिवस मी..."

"दोन," कासियान म्हणाला. "तिसऱ्या दिवशी तुझी बोगद्यातली गोष्ट अर्धी राहिली होती, म्हणून ठेवला."

सगळे खो खो हसले. ओटमारला आधी राग आला, मग त्याच्यानेही राहवेना.

"आणि शेवटी कोण असतो?" त्याने जरा दबकत विचारलं.

"शेवटी एकच माणूस चालतो. ज्याच्याकडे मला वळून बघावं लागत नाही, तो."

चहा संपला. कासियानने पाठपिशवी खांद्यावर टाकली आणि हाक दिली. सगळे स्की पायात अडकवून उभे राहिले. सकाळच्या थट्टेची रुपरेश्टला आता लाज वाटत असावी. तो बाजूला सरकला आणि अदबीने म्हणाला, "ओटमार, तू हो पुढे. मी येतो शेवटी."

"ए दातवाल्या," ओटमार गरजला, "चल, निघ पुढे! तिथे उभं राहायची तुझी लायकी आहे का?"