रविवारचा बार

"रविवारी बार उडवणार होतात. कुठे?" अधिकाऱ्याने विचारलं.

समोरच्या खुर्चीत पंखे दुरुस्त करणारा म्हातारा बसला होता. सकाळी दुकानाचं शटर वर करतोय तोच दोन माणसं आली आणि त्याला घेऊनच आली. हातात पक्कड तशीच होती, ती इथे दारावर काढून घेतली. आता रिकामे हात काय करावं ते न सुचून मांडीवर पडले होते. तो अधिकाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता, बघतच राहिला होता.

अधिकाऱ्याचं काम लोकांचे खाजगी मेसेज वाचायचं. ते मेसेज आधी यंत्र वाचायचं. ठरावीक शब्द सापडले की लाल खूण करून याच्यापुढे टाकायचं. नंबर झाकलेले असायचे, उघडायचे तर वरच्यांची मंजुरी लागायची. घरी त्याने आपण पाणीपुरवठ्यात आहोत असं सांगून ठेवलं होतं. बरेच दिवस तो या दोघांचे मेसेज वाचत होता. 'वायर आली, बॅटऱ्याही आल्या.' 'आता थांबायचं नाही. रविवारी बार उडवून टाकू.' त्यावर पलीकडून उत्तर, 'कोणाला कानोकान खबर नको. मुलाला मी बघून घेते.' आता हे वाचून कोणाला काय वाटेल? वरच्यांना जे वाटायचं तेच वाटलं. त्यांनी दोन्ही नंबर उघडायला मंजुरी दिली. पहिला उघडला तो या म्हाताऱ्याचा निघाला, दुसरा अजून उघडायचा होता.

"ऐकू येत नाही का? कुठे उडवणार होतात?"

"नोंदणी कचेरीत," म्हातारा म्हणाला.

सरकारी कचेरी! भरवस्तीत! अधिकाऱ्याने फोनकडे हात नेला.

"अहो, लग्नाचा बार!" म्हातारा घाईघाईने म्हणाला. "लग्नाचा बार उडवतात ना, तो! कचेरी आता रविवारीही उघडी असते. दोन सह्या करायच्या, कपभर चहा प्यायचा आणि घरी जायचं. वायर-बॅटऱ्यांचं म्हणाल तर दुकान कशाचं आहे माझं?"

अधिकाऱ्याने फोनवरचा हात मागे घेतला. यंत्राचं सोडा, त्या बिचाऱ्याला कोण लग्नाला बोलावतंय? पण या कार्यालयात वरपासून खालपर्यंत एवढी शिकलीसवरलेली माणसं, घरी मुलं-मुली लग्नाच्या असलेली, आणि एकाच्याही डोक्यात लग्न आलं नव्हतं!

"कोणाचं लग्न?"

"माझंच," म्हातारा म्हणाला आणि चक्क लाजला.

"नवरी कोण?"

"ते नाही सांगायचो."

"हे बघा आजोबा, नाव कळल्याशिवाय मला तुम्हाला सोडता येणार नाही. रविवारीसुद्धा इथेच बसाल."

"बसेन. काय करणार?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "तिला एकुलता एक मुलगा आहे. त्याला अजून माहीत नाही. तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचंय त्याला. रोज ठरवते आणि रोज कच खाते. मुलाच्या आधी सरकारला कळलं तर ती माझं तोंडसुद्धा बघणार नाही."

काय करावं या माणसाला! अधिकारी वैतागला. त्याने खुर्ची वळवली आणि संगणकावर दुसरा नंबर उघडला.

तो नंबर त्याला पाठ होता. त्याच्या आईचा होता.

त्याने मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचले. 'गुडघा आज बरा आहे.' 'तुमच्याशी बोललं की घर भरल्यासारखं वाटतं.' ही वाक्यं त्याने आधीही वाचली होती आणि बिनकामाची म्हणून पुढे सरकवली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या मनातलं तो सरकारी खुर्चीत बसून, चहा पीत वाचत होता! पण त्या लाजेतही त्याला हायसं वाटलं. कुठे काही उडणार नव्हतं, कोणी मरणार नव्हतं. आणि आई आता दिवसभर एकटी भिंतींकडे बघत बसणार नव्हती.

'शब्दाचा घोळ. संशयास्पद काही नाही,' असं लिहून त्याने प्रकरण बंद केलं.

"जा तुम्ही. दारावर तुमची पक्कड मिळेल."

म्हातारा उठला. दाराशी जाऊन वळला. "रविवारी या म्हटलं असतं साहेब, पण बोलावण्याचा मान माझा नाही."

म्हातारा भलताच बोलघेवडा आहे, असं अधिकाऱ्याला वाटलं.

संध्याकाळी तो घरी पोचला तर आई दारातच उभी. "बूट काढ आणि बस. एक सांगायचंय. आधी चिडणार नाही म्हण."

"नाही चिडणार."

तिने सांगितलं. मध्येच चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. पंखा बिघडला तो, दुकानातल्या गप्पा, मग फोनवरच्या गप्पा, रविवार, सगळं सांगितलं. त्याने सगळं पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकलं. मध्ये "काय करतात ते?" असंही विचारलं. शेवटी म्हणाला, "मग रविवारी मी कुठला शर्ट घालू?"

आई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"इतके दिवस जीव मुठीत धरून होते रे. आजही नसतंच सांगितलं. पण दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, आजच सांगून टाक, मुलगा भला आहे तुझा, हसत हसत हो म्हणेल. म्हटलं, तुम्हाला काय माहीत? तर नुसते हसले. कमाल आहे की नाही? तुझा फोटो तेवढा पाहिलाय त्यांनी!"