तिसऱ्या पानाची पाठ

"उलटी लावलीत! सगळी उलटी लावलीत!"

ती इतक्या मोठ्यानं ओरडली की ग्रंथपालबाईंच्या हातातला शिक्का भलत्याच पुस्तकावर उमटला.

"बाई, इथं लोक वाचत बसलेत," त्या डोळे वटारून म्हणाल्या.

"मीपण तेच करतेय हो! पाच वर्षांत पहिल्यांदाच नीट करतेय!"

तिच्यासमोर एका जुन्या संस्कृत बौद्ध पोथीचे दोन फोटो होते. एकात आठ ताडपत्रांच्या पुढच्या बाजू, एकीखाली एक मांडलेल्या. दुसऱ्यात त्याच पानांच्या मागच्या बाजू, पण इतक्या धुरकट की वाचणारा डोकं धरून बसावा. फोटो काढणारा केव्हाच वारला होता आणि मूळ पोथीचा ठावठिकाणा कुणालाच ठाऊक नव्हता. तिनं आठ कोरी कार्डं घेतली, पाठपोट आकडे घातले आणि ओळीनं मांडली. मग ती गोळा करून अख्खा गठ्ठाच उलटा केला आणि पुन्हा वरून खाली मांडला. आठ, सात, सहा... घ्या! बाकी सगळ्या फोटोंत त्या भल्या माणसानं एकेक पान जागच्या जागी उलटलं होतं. या एकाच खेपेला त्याला कसली घाई झाली होती कोण जाणे. म्हणजे जिच्यावर ती इतके दिवस अडली होती, ती तिसऱ्या पानाची पाठ फोटोत तिसरी नव्हतीच. ती सहावी होती.

तिनं त्या ग्रंथाचं तिबेटी भाषांतर शेजारी उघडलं आणि भिंग सहाव्या पट्टीवर धरलं. पुढं काय यायला हवं हे ठाऊक असलं की पुसट अक्षरसुद्धा ओळख देतं. एक श्लोक लागला. दुसरा लागला. बघता बघता सात लागले! बोधी, म्हणजे बुद्धाला झालं ते ज्ञान, माणसात आधीपासूनच पूर्ण आहे, तिच्यात नवीन काही घालायचं नाही, वरचा मळ तेवढा काढायचा, असं सांगणारे हे सात श्लोक. तिबेटीत होते, संस्कृतात कुणालाच सापडले नव्हते. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आनंदानं रडावं की टेबलावर चढून नाचावं, तिला कळेना.

आणि मग तिनं भिंग खाली ठेवलं.

कारण हे श्लोक मुळात नव्हतेच, तिबेटी भाषांतरकारांनी ते पदरचे घातले, असं दाखवून देणारं पुस्तक तिच्या सरांचं होतं. त्या एका पुस्तकावर ते जगभर गाजले होते. "माणसात बोधीचं नुसतं बी असतं. ते घाम गाळून वाढवावं लागतं. आयतं काही मिळत नसतं!" हे ते ग्रंथाबद्दल लिहीत आणि विद्यार्थ्यांनाही उठताबसता सुनावत. विद्यार्थी त्यांना माघारी ‘तोफ’ म्हणत. मागं एकानं त्या पुस्तकातली तळटीप चुकीची आहे असं म्हटलं, तर सरांनी त्याला पुन्हा घराची पायरी चढू दिली नव्हती. तिच्या प्रबंधाचा अर्धा डोलारा याच पुस्तकावर उभा होता. सरांची सही तेवढी राहिली होती. आज पाचच्या आत प्रबंध दाखल झाला नाही, तर कॉलेजातली तिची नोकरी गेल्यात जमा होती.

आधी सही घ्यावी, मग सांगावं. फोटो आणि भिंग पिशवीत टाकून सरांच्या घरी जाताना वाटेत तिनं हे अगदी पक्कं केलं. यात फसवणूक कसली? दोन तासांचा तर फरक!

सरांच्या बायकोनं, काकूंनी, दार उघडलं. "लवकर जा आत. सकाळपासून पेन उघडून बसलेत," त्या हळूच म्हणाल्या.

सरांनी प्रबंध मांडीवर घेतला होता. "या बाईसाहेब. चौथं प्रकरण बरं जमलंय." सरांच्या तोंडून ‘बरं’ म्हणजे आभाळाला हात लागल्यासारखं. पाच वर्षांत तिनं तो शब्द ऐकला नव्हता. "कुठं करायची सही? इथं ना?"

पेन कागदाला टेकलं.

"सर, नका करू सही!"

हे आपणच बोललो यावर तिचा विश्वास बसेना. पण आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. फोटो, कार्डं, गठ्ठा, सहावी पट्टी... ती धडाधडा बोलत सुटली. सरांचा चेहरा दगडासारखा. ते एवढंच म्हणाले, "वाच."

तिनं भिंगातून पहिला श्लोक वाचला. सरांनी डोळे मिटले आणि त्याची तिबेटी ओळ तोंडपाठ म्हटली. जुळली. तिनं दुसरा वाचला. सरांचा आवाज किंचित चिरकला, पण ओळ जुळली. तिसरा, चौथा. ती संस्कृत म्हणे, ते तिबेटी म्हणत, दोघांचाही श्वास फुललेला. सातव्या श्लोकाला तिचा शब्द पुरा व्हायच्या आत त्यांचा सुरू झाला.

सर उठले. कपाटाशी गेले. आपलं ते जाडजूड पुस्तक काढलं आणि हातावर तोलत उभे राहिले. आता हे आपल्या डोक्यावर आदळणार, असं वाटून तिनं मान खाली घातली.

"अगं ए! बाहेर ये! आधी बाहेर ये!" सर गरजले.

काकू ओल्या हातांनीच धावत आल्या. त्या घरात रोज कुणी ना कुणी चुकायचंच. कधी विद्यार्थी, कधी छापखानेवाला, कधी पेपर टाकणारा. चाळीस वर्षं त्या हेच ऐकत आल्या होत्या.

"आता कोण चुकलं?" त्यांनी धास्तावून विचारलं.

सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांचं हसू काही केल्या थांबत नव्हतं.

"मी! अगं, मी!"